आधी चार कप चहा, मग नोकरी

ताई, स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाला नोकरीला कधी लावायचं, असं विचारलंत. गोळ्यांनी भास थांबले की वाटतं, पोरगा आता उद्यापासून कामाला लागेल. एवढी घाई नका करू. उत्साह आणि एकाग्रता परतायला फार वेळ लागतो. तो आळस नव्हे, आजारच असतो.

आमच्या पोराचीही सुरुवात चहाने झाली. रोज दुपारी चारला त्याने चार कप चहा करायचा, बस. पहिले पंधरा दिवस तो साखर विसरायचा. आम्ही मुकाट्याने वरून घालून घ्यायचो. घरात सतत टोचून बोललं की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे लक्षात असू द्या. मग दूध आणणं, बसने एकट्याने जाणं, आणि दीड वर्षाने झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस. रात्रपाळी मात्र नकोच, झोप बिघडते. सकाळी गुंगी असेल तर गोळ्यांच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर सरकारी नोकरीत आरक्षण आहे. अर्ज मुलाला विचारूनच करा हं. आणि पुण्यात असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात एकदा येऊन बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल.