तिखट न सोसणारीला सावजीत न्यावं का?

प्रश्न : कॉलेजातल्या आम्ही चौघी दिवाळीनंतर नागपुरात भेटतोय. एक शाकाहारी, एकीला तिखट सोसत नाही. सावजी, म्हणजे नागपूरचं ते झणझणीत जेवण, टाळावं का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : छे, टाळता कशाला! शाकाहारी मैत्रिणीला पाटोडी-रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा, मागवा. जवसाचं तेल, खसखस, दगडफूल घातलेला तो रस्सा 'कमी तिखट करा' म्हटल्यानं फारसा निवळत नाही. म्हणून दुसरीनं पाटोडी कोरडीच खावी, वर लिंबू पिळून.

सकाळी तर्री-पोहे हवेतच. हरभऱ्याची तर्री वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे भांडण नाही. मी तर पुन्हा तर्री मागायला अजिबात लाजत नाही. संध्याकाळी बेकरीतली ताजी खारी, चहा आणि गप्पा. परतताना संत्रा बर्फी घ्या, पण डबा गाडीत उघडू नका, घरी काही पोचायचं नाही!