वर बर्फ होतो, खाली दूध नासते आणि फ्रीजमधला पंखा बंद आहे: गॅस भरावा, मोटर बदलावी की आणखी काही पाहावे?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की गुहागरजवळच्या घरातील आपल्या डबल डोअर, फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वरच्या भागात बर्फ नीट होतो, खालच्या कप्प्यात मात्र दूध दुसऱ्याच दिवशी नासते, आतल्या पंख्याची घरघर ऐकू येईनाशी झाली आहे, आणि पाहायला आलेल्या मेकॅनिकने गॅस भरायला सांगितले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातच फ्रीज दुरुस्तीचे काम करतो. माझे मत असे की गॅस तर भरू नयेच, पण पंख्याची मोटरही इतक्यात मागवू नये. पंखा स्वतः बिघडला आहे की बर्फाने अडवला आहे, हे आधी ठरवावे लागेल.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडावा निर्माण करणारी कॉइल बहुधा एकच असते आणि ती फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक कव्हरआड असते. तिच्यावरून थंड झालेली हवा पंखा फ्रीजरमध्ये फेकतो आणि त्यातलीच थोडी हवा एका मार्गाने खालच्या कप्प्यात उतरते. खालच्या कप्प्याला स्वतःचा थंडावा नसतो. त्यामुळे पंखा थांबला की कॉइलजवळचे पदार्थ गोठलेले राहतात आणि खालची भाजी कोमेजू लागते. गॅस कमी झाला तर बहुधा फ्रीजरही ढिला पडतो, बर्फ नीट होत नाही. आपल्याकडे नेमके उलट घडत असल्यामुळे गॅसचे निदान पटत नाही. (एका दरवाजाच्या साध्या डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये बहुधा हा पंखाच नसतो.)

दुरुस्ती होईपर्यंत खालच्या कप्प्यात मासळी ठेवू नये. तिथे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या वर राहिले की बांगडा, सुरमई, कुपा अशा माशांत हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य) तयार होऊ लागते, आणि ते एकदा तयार झाले की तळून किंवा उकळून जात नाही. वास बरा आहे म्हणून मासा बरा आहे, असे या माशांच्या बाबतीत धरून चालू नये.

आता तपासणी. कॉम्प्रेसर चालू असताना वरचा दरवाजा उघडावा आणि चौकटीतला डोअर स्विच बोटाने दाबून धरावा, कारण अनेक मॉडेलमध्ये दरवाजा उघडताच पंखा मुद्दाम थांबवला जातो. काही मॉडेलमध्ये दोन्ही दरवाजांना स्विच असतात, तेव्हा दोन्ही दाबावेत; जिथे दाबायचा स्विच दिसत नाही, तिथे तो चुंबकावर चालणारा असू शकतो. दाबल्यावर पंखा फिरला तर दरवाजा स्विचपर्यंत पोहोचत नाही, एवढाच दोष निघतो. स्विच कुरकुरत, अडकत वर येत असेल तर तोच बदलावा. ही किरकोळ वस्तू आहे आणि आपल्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. पंखा फिरला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा पाहावे, कारण डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवण्याची क्रिया) चालू असताना आणि त्यानंतर काही मिनिटे तो थांबलेलाच असतो.

तरीही पंखा गप्प असेल तर फ्रीजचा प्लग काढून ठेवावा, दोन्ही दरवाजे उघडे ठेवावेत, खाली जाड फडकी अंथरावीत आणि १२ ते २४ तास बर्फ वितळू द्यावा. समोर टेबल फॅन लावला तर काम लवकर होते. सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ टोकरणे मात्र कटाक्षाने टाळावे: कॉइलची नळी ॲल्युमिनियमची, पातळ असते, तिला भोक पडले की खरोखरच गॅस जातो, आणि अलीकडच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वालाग्राही वायू असतो. सगळे वितळल्यावर आतून कोरडे पुसून फ्रीज चालू करावा आणि खालचा कप्पा गार होण्यासाठी एक पूर्ण दिवस द्यावा.

बरेचसे निदान याच एका कृतीत होते. पंखा लगेच फिरू लागला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा थांबला, तर मोटर निर्दोष आहे. कॉइलवरचा बर्फ वितळवणारी डिफ्रॉस्टची साखळी तुटली आहे, बर्फ वाढत वाढत पंख्याच्या पात्यांपर्यंत येतो आणि त्यांना धरून ठेवतो. या साखळीत हीटर, थर्मल फ्यूज (फार तापल्यास वीज तोडणारा), बायमेटल (तापमानानुसार आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच) आणि टायमर असतात. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये बायमेटल आणि टायमर यांच्या जागी सेन्सर व पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) असतात. मेकॅनिक मीटर लावतील तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. फ्यूज आणि हीटर यांची कंटिन्युइटी (वीज आरपार जाणे) कोणत्याही तापमानाला मिळायला हवी, पण बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडेच असते आणि गोठणबिंदूच्या खाली गेल्यावरच जुळते. बाहेर काढून गरम असताना मीटर लावला आणि ‘गेले’ म्हणून फेकून दिले, असे चांगले बायमेटल मी कितीतरी पाहिले आहेत.

पंखा फिरू लागला आणि तक्रार परतलीच नाही, तर बर्फ बाहेरच्या ओलाव्यामुळे वाढला असावा. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे फ्रीजर गच्च भरले जातात. मागच्या कव्हरवरच्या हवेच्या फटींना पिशव्या टेकतात, दरवाजा किंचित उघडा राहतो आणि पावसाळी दमट हवा आत येऊन कॉइलवर गोठत राहते. दरवाजाच्या रबरात कागद धरून ओढून पाहावा; तो अलगद सुटत असेल तिथून हवा आत जाते. रबरावरची काळी बुरशी साबणाच्या कोमट पाण्याने पुसली तरी पुष्कळदा पकड सुधारते. जांभ्याच्या जुन्या घरांत जमीन सपाट नसते. फ्रीजचे पुढचे पाय थोडे उंच करावेत, म्हणजे दरवाजा आपोआप मिटतो.

सगळा बर्फ वितळूनही पंखा फिरला नाही, तर मात्र दोष मोटर, वायर किंवा पीसीबी यांपैकी एकात आहे. प्लग काढून मागचे कव्हर उघडल्यावर आधी कनेक्टर पाहावा. समुद्रालगतच्या गावांत त्याच्या पितळी पिनांवर हिरवट, पिठासारखी पूड चढलेली हमखास सापडते. कनेक्टर काढून, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा घट्ट बसवला की पुष्कळदा पंखा चालू होतो. उंदराने कुरतडलेली वायरही पाहावी. पावसात ते उबेसाठी कॉम्प्रेसरच्या बाजूला येऊन बसतात. मग पाते बोटाने फिरवावे. ते सहज फिरून थोडा वेळ आपल्या गतीने फिरत राहायला हवे. अडखळत किंवा खरखरत थांबत असेल तर बेअरिंग गेले आहे. त्यात खोबरेल तेल सोडणारे लोकही आहेत, पण जे तेल २४ अंशांखालीच थिजते, ते फ्रीजरच्या उणे १८ अंशांत काय वंगण देणार! अशी मोटर बदलावीच.

जुन्या मॉडेलमध्ये ही मोटर २३० व्होल्टवर चालते, तर इन्व्हर्टर मॉडेलमध्ये ती बहुधा १२ व्होल्ट डीसीची, तीन किंवा चार वायरींची असते. पहिली मोटर थेट वीज देऊन तपासली जाते. दुसरीला तसे केले तर ती त्याच क्षणी जळते. तिच्या कनेक्टरवर, फ्रीज चालू ठेवून आणि डोअर स्विच दाबून, डीसी व्होल्टेज मोजावे लागते: व्होल्टेज येत असूनही पंखा फिरत नसेल तर मोटर गेली, व्होल्टेजच येत नसेल तर वायर किंवा पीसीबी पाहायचा. हे मोजमाप चालू विजेवरचे असल्यामुळे ते जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आपल्या मेकॅनिकने तरीही गॅसचाच आग्रह धरला, तर कव्हर काढून कॉइल दाखवायला सांगावे. कॉइल वरपासून खालपर्यंत एकसारखी बर्फाने झाकलेली असेल तर गॅस आहे आणि डिफ्रॉस्ट किंवा पंखा बंद आहे. पहिल्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे, आणि तेव्हाही गळती शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅस टिकणार नाही. मोटर मागवायची वेळ आलीच, तर जुन्या मोटरवरचा क्रमांक, व्होल्ट, वायरींची संख्या आणि फिरण्याची दिशा यांचा फोटो दुकानदाराला पाठवावा, कारण उलट्या दिशेने फिरणारी मोटर बसते नीट, पण हवा खाली पोहोचवत नाही.