‘डायस्पोरा’ आणि ‘परागंदा’

धुळ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, उपसंस्कृती, दैवतकथा आणि ‘डायस्पोरा’ या विषयांवर काम करणाऱ्या एका आंतरशाखीय कलावंत-डीजेची ओळख मराठीत लिहिताना ‘डायस्पोरा’ला ‘स्थलांतरित’ म्हटले तर चालेल का. माझ्या मते चालणार नाही. स्थलांतर ही घडून गेलेली क्रिया आहे. डायस्पोरा म्हणजे मूळ गावाशी नाते राखून, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात ठिकठिकाणी नांदणारा समाज. ‘अनिवासी’ हा तर करखात्याचा शब्द झाला.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘इकडेतिकडे पेरणे, विखुरणे’ असा असून, इ. स. पू. 3ऱ्या शतकात सुरू झालेल्या हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात तो ज्यू लोकांच्या पांगापांगीसाठी आला. आपण फारसीतून घेतलेल्या ‘परागंदा’चाही मूळ अर्थ ‘विखुरलेला’ असाच आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. मात्र कर्जापायी किंवा दुष्काळापायी घरदार टाकून गेलेल्यांसाठी तो वापरून वापरून, मागचा धागा तुटल्याचा भाव त्यात मुरला आहे. खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी सुरतेला, उधना-लिंबायतकडे गेली. त्यांच्याविषयी गावात अहिराणीत ‘पोऱ्या सुरतले ऱ्हास’ (मुलगा सुरतेला राहतो) एवढेच म्हणतात, तो परागंदा झाला असे कोणी म्हणत नाही. म्हणून मी समाजासाठी ‘पांगलेला समाज’ आणि त्या अनुभवासाठी ‘पांगलेपण’ असे सुचवीन. ‘पांगणे’ या क्रियापदात दाणे पांगतात, गुरे पांगतात, आणि ती गोळाही होतात.

‘डीजे’ तसाच ठेवावा, पण आपल्याकडे ‘डीजे लावला’ म्हणताना वरातीपुढची ध्वनियंत्रणाच डोळ्यांपुढे येते, माणूस नव्हे. तेव्हा ‘ध्वनिमुद्रित संगीत निवडून, एकमेकांत मिसळून वाजवणारा कलावंत’ असा खुलासा एकदा करावा.

‘पांगलेपण’ कृत्रिम वाटेल, अशी शंका कोणी घेईल. पण तो अनुभव आमच्या ओळखीचाच आहे. श्रावणात खानदेशातील कानबाई या देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात. आमच्या घरी आई गहू मोजू लागली की सुरतेच्या काकांचे नाव घेते, तिकडेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांचीही घेते, आणि त्यांच्या मुठी परातीत पडल्याशिवाय दळण जात्यावर जात नाही.