रजिस्टर लग्न ‘लागतं’ का?

प्रश्न असा आला आहे : ‘कोर्ट मॅरेज, रजिस्टर लग्न, नोंदणी विवाह, नोंदणीकृत विवाह यांतला बरोबर शब्द कोणता? आणि दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याला विवाह म्हणणं व्युत्पत्तीत बसतं का?’

‘कोर्ट मॅरेज’ आधी निकालात काढू. कोर्टात लग्न मोडतं, लागत नाही. लग्न लागतं ते विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात, आणि ते कार्यालय नोंदणी व मुद्रांक विभागाचं असतं. न्यायाधीश, वकील, उलटतपासणी यांतलं तिथे काहीही नसतं. तरीही शिकलेली माणसं ‘आम्ही कोर्ट मॅरेज केलं’ असं बिनदिक्कत सांगतात. हा शब्द निरुपद्रवीही नाही. याच नावाखाली स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून, नोटरीचा शिक्का मारून ‘लग्न’ विकलं जातं. नोटरीला लग्न लावण्याचा कसलाही अधिकार नाही. त्या कागदाने दोघं नवराबायको होत नाहीत, आणि हे कळतं तेव्हा सहसा वारसाहक्काचा नाहीतर पोटगीचा दावा उभा असतो.

‘नोंदणी विवाह’ आणि ‘विवाह नोंदणी’ यांची अदलाबदल मात्र कोर्ट मॅरेजपेक्षाही जास्त घोळ घालते. नोंदणी विवाह म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालेलं लग्न. त्यासाठी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. हरकत कायद्यातल्या अटींवरच घेता येते : आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, किंवा निषिद्ध नातं आहे. ‘मुलगा आम्हाला पसंत नाही’ ही हरकत नव्हे. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

विवाह नोंदणी ही निराळी गोष्ट. लग्न मांडवात, विहारात, मशिदीत आधीच झालेलं असतं. त्याची नोंद महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याखाली महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करायची असते. आळंदीला सकाळी हार घालून नंतर दाखला घेणारी जोडपी ‘रजिस्टर लग्न केलं’ म्हणतात. त्यांनी केलेलं असतं वैदिक लग्न, रजिस्टर झाली ती त्याची नोंद. फरक शब्दांपुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही. दाखला पुरावा आहे. पण कशाचा, तर घडलेल्या लग्नाचा.

आता ‘लग्न’ या शब्दाकडे, कारण या सगळ्या गोंधळावरचा उतारा त्यातच आहे. धातू ‘लग्’, म्हणजे चिकटणे, टेकणे. त्याचं विशेषण ‘लग्न’, म्हणजे टेकलेलं. ज्योतिषात एखाद्या क्षणी पूर्व क्षितिजाला टेकलेली राशी ती लग्न. चोवीस तासांत बाराही राशी तिथून वर येतात, म्हणजे साधारण दोन तासांना एक. चांगली राशी क्षितिजाला टेकलेली असतानाच अंतरपाट दूर व्हावा म्हणून घटिका मोजायच्या. त्या वेळेचं नाव समारंभाला चिकटलं आणि समारंभाचं नाव पुढच्या साऱ्या संसाराला. संलग्न, लगत, लगट, लागण ही सगळी याच घरातली मंडळी. आणि ‘लागणे’ही तिथलंच! म्हणजे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू लागोपाठ दोनदा उच्चारतो, एकदा संस्कृत वेशात आणि एकदा प्राकृत. संस्कृताचे काही अभिमानी म्हणतात की लग्न म्हणजे केवळ मुहूर्त, लग्नसंस्थेसाठी तो शब्द वापरणं अडाणीपणाचं आहे. शतकानुशतकं अख्ख्या मराठी मुलुखाने केलेला अर्थविस्तार जर अडाणीपणा असेल, तर शहाणपण कोशातच ठेवलेलं बरं.

मराठीने इथे तीन क्रियापदं वेगळी ठेवली आहेत. जोडपं लग्न करतं, ते लागतं, आणि कुणीतरी ते लावतो. हा लावणारा कोण, एवढं विचारलं की कायदा उलगडतो. हिंदू विवाहात लग्न विधीने लागतं. सप्तपदी हा विधी असेल तर सातवं पाऊल पडताच ते पूर्ण झालं, असं १९५५च्या कायद्याचं कलम ७ म्हणतं. ग्रामपंचायतीतला निबंधक ते फक्त नोंदवतो. विशेष विवाहात मात्र ते विवाह अधिकाऱ्यासमोरच लागतं, आणि तेही सहीने नव्हे! ‘रजिस्टर लग्न म्हणजे नुसत्या सह्या’ म्हणणाऱ्यांनी विशेष विवाह कायद्याचं कलम १२ वाचावं. अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समक्ष, ‘मी तुझा पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो’ अशा अर्थाचं ठरावीक वाक्य दोघांनी एकमेकांना उद्देशून, दोघांना समजेल अशा भाषेत, म्हणायचं असतं. मराठी चालते. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण आणि बंधनकारक होत नाही. दाखल्यावरच्या सह्या त्यानंतर. ज्याला सगळे कोरडं सरकारी लग्न म्हणतात त्याचा प्राण असा बोललेल्या शब्दात आहे. जोतीरावांच्या सत्यशोधक विवाहातही वधूवर एकमेकांना वचनं देतात. भटजी नाही म्हणून लग्न मुकं झालं नाही.

गोव्यात गणित उलटं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. हिंदू जोडप्याने नागरी निबंधकाकडे आधी इरादा जाहीर करायचा, मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन सह्या करायच्या, आणि त्या दुसऱ्या सहीला ते कायद्याने नवराबायको. मांडवातलं लग्न पुढे सहा महिन्यांनी असो वा कधीच न होवो. दरम्यान सोयरीक फिसकटली तर ‘अजून लग्न कुठे झालंय’ म्हणून चालत नाही, सुटकेसाठी न्यायालय गाठावं लागतं. कॅथलिकांच्या बाबतीत निबंधकाचा दाखला घेऊन चर्चमध्ये लागलेल्या लग्नाला नागरी परिणाम मिळतात. म्हणजे तिथे पाद्री लावतो आणि सरकार मान्य करतं.

आता दुसरा भाग. विवाह हा शब्द ‘वि’ अधिक ‘वह्’ असा, वाहून नेणे. वधूला नेणे हा मूळ अर्थ, म्हणून दोन पुरुषांचा विवाह हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं, असा युक्तिवाद अधूनमधून कुणी पंडित करतात. हा निव्वळ व्युत्पत्तीचा दुरुपयोग आहे. या न्यायाने घरजावयाचं लग्न रद्द होतं, कारण तिथे नेला जातो तो वर. मुळाकडे जायची एवढी हौस असेल तर पाणिनीकडेही जा : ‘साप्तपदीनं सख्यम्’ (५.२.२२). सात पावलांनी जुळतं ते सख्य, असं सूत्र आहे. त्यात ना पती, ना पत्नी. सप्तपदीतलं सातवं पाऊलही ‘सखा’ म्हणूनच पडतं.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली ती काही ‘वह्’ धातूमुळे नव्हे. विशेष विवाह कायद्याच्या कलम ४मध्ये पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ असं लिहिलं आहे. ते शब्द लिंगनिरपेक्ष वाचले तर बाकीच्या तरतुदी विस्कटतात, हे काम संसदेचं, असं न्यायालय म्हणालं. विवाहाऐवजी निराळ्या नागरी नात्याच्या (सिव्हिल युनियनच्या) हक्कावर पीठ तीन विरुद्ध दोन असं फुटलं, बहुमत नकाराकडे. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती मात्र स्त्री-पुरुष नात्यात असेल तर चालू कायद्यांखाली लग्न करू शकते, यावर पाचही न्यायाधीश एकमताचे होते. हे वाक्य बातम्यांत हरवलं. थायलंडने नेमके शब्दच बदलले : ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ काढून ‘व्यक्ती’ घातलं, आणि २३ जानेवारी २०२५पासून तिथे लग्नं लागू लागली. व्हॅटिकनने डिसेंबर २०२३मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला पाद्र्यांना परवानगी दिली, पण विवाहविधीसारखं काही दिसता कामा नये अशा अटीवर. आशीर्वाद मिळतो, लग्न लागत नाही. मराठीची क्रियापदं इथेही चोख काम देतात.

जाता जाता, ‘समलिंगी’ लिहा. ‘समलैंगिक’ हिंदीतून आलं आहे. ‘समलिंग’ला ‘इक’ जोडायचाच तर आदिवृद्धी होऊन, म्हणजे पहिला स्वर वाढून, ‘सामलिंगिक’ होईल, आणि ते कुणी म्हणणार नाही. मराठीला साधा ‘ई’ पुरतो.

‘नोंदणीकृत’ राहिलंच. मराठी नामाला संस्कृत ‘कृत’ चिकटवून केलेला हा सरकारी जोड आहे. ‘नोंदलेला’ हा सरळ शब्द असताना त्याची गरज नव्हती. वापरायचाच तर आधी लागलेल्या आणि मग नोंदलेल्या लग्नासाठी वापरा. विशेष विवाहाच्या पत्रिकेवर ‘नोंदणी पद्धतीने विवाह’ असं छापा, ‘रजिस्टर लग्न’ बोलताना खुशाल म्हणा, आणि मुहूर्ताच्या जागी कार्यालयाची वेळ घाला. जादा शुल्क भरलं तर अधिकारी वाजवी अंतरावरच्या सभागृहातही येतो, म्हणजे जेवणावळीचा प्रश्नही सुटतो.