‘ॲट पार’, ‘बिलो पार’ आणि मधला अंपायर

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या अंधेरीच्या ऑफिसात साहेब रोज म्हणतात, काम एकदम ऑन पार पाहिजे. वर्षअखेरीच्या शेऱ्यात लिहितात, परफॉर्मन्स बिलो पार. पण गोल्फमध्ये म्हणे बिलो पार खेळणारा जिंकतो. मग हा पार म्हणजे नेमकं काय? आपल्या मराठी ‘पार’शी त्याचा संबंध आहे का? आणि मराठीत काय म्हणावं?’

आधी त्या ‘एकदम ऑन पार’चा समाचार घेतो, कारण तो ऐकून कान किटले आहेत. पार म्हणजे उत्तम असा समज कुणी करून दिला देव जाणे. पार म्हणजे बरोबरी. बरोबरी म्हटली की ‘कोणाशी?’ हे आलंच. ‘आमची सर्व्हिस ऑन पार आहे’ हे वाक्य ‘आमचा मुलगा उंच-बरोबर आहे’ म्हणण्याइतकंच अर्धवट. शिवाय इंग्रजीत ते ‘ऑन अ पार विथ’ असतं, मधला ‘अ’ गाळायचा नसतो. त्याहून भयंकर म्हणजे ‘इक्वली ऑन पार’. बरोबरीच्या बरोबरीनं बरोबर! आणि ‘एकदम’ कशाला? बरोबरी एकदम नसते नि हळूहळूही नसते.

त्यापेक्षा आपले युनियनवाले बरे. ‘सेंट्रलच्या ॲट पार पगार’ असं ते म्हणतात तेव्हा व्याकरण लंगडं असेल, पण कोणाच्या बरोबरीनं हवंय ते स्पष्ट असतं.

शब्द लॅटिन आहे: पार, म्हणजे समान, जोडीचा, तोडीचा. इंग्रजीत तो १६२०च्या दशकात आला तो व्यापाऱ्यांच्या वह्यांतून. एका देशाचं नाणं दुसऱ्या देशाच्या नाण्यात किती, हा तो हिशोब. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा अधिकृत भाषेत रुपयाची ‘पार व्हॅल्यू’ बदलली होती. शेअरबाजारात पार म्हणजे दर्शनी किंमत. दहाचा शेअर दहालाच मिळाला तर ‘पारला’, बाराला मिळाला तर वर दोन रुपये प्रीमियम, नऊला मिळाला तर बिलो पार. १९९२ साली कॅपिटल इश्यूंवरचं, म्हणजे कंपन्यांच्या नव्या शेअरविक्रीवरचं, सरकारी नियंत्रण उठलं, त्याआधीचे गुंतवणूकदार गिरगावात अजून भेटतात. ‘पारला इश्यू आला होता, मी भरला नाही’ ही हळहळ त्यांच्या तोंडून जरूर ऐका, शब्दप्रयोग निर्दोष असतो.

आणि ज्यांना शेअरबाजाराशी देणंघेणं नाही त्यांनी आपलं चेकबुक काढावं. चेकवर बारीक अक्षरात ‘पेएबल ॲट पार’ छापलेलं असतं, हिंदीत ‘सममूल्य पर देय’. पूर्वी परगावचा चेक भरला की बँक वटणावळ कापून घ्यायची, हजाराच्या चेकचे हातात हजार पडत नसत. ॲट पार म्हणजे ही कात्री नाही, जेवढा आकडा तेवढे पैसे. रोज सही करतो त्या कागदावर अर्थ छापून ठेवलाय, तरी लोक साहेबाचं ऐकतात.

गोल्फचं कोडं यावरूनच सुटतं. गोल्फनं हा शब्द शेअरबाजाराकडून उसना घेतला. १८७० साली स्कॉटलंडच्या प्रेस्टविकच्या मैदानावर ओपन स्पर्धा होणार होती. डोलमन नावाच्या गोल्फ-लेखकानं दोन व्यावसायिक खेळाडूंना विचारलं, अचूक खेळलं तर बारा भोकांना किती फटके लागावेत? ते म्हणाले, एकोणपन्नास. डोलमननं त्या आकड्याला बाजारातला शब्द लावला: पार. तीन फेऱ्यांचे १४७ होत होते, धाकटा टॉम मॉरिस १४९ फटक्यांत जिंकला, म्हणजे पारच्या दोन वर. आता बाजारात जास्त किंमत चांगली आणि गोल्फमध्ये कमी फटके चांगले, म्हणून चेंबूरच्या मैदानावर बिलो पार खेळणारा पार्टी देतो आणि अंधेरीच्या ऑफिसात बिलो पार ठरणारा इन्क्रिमेंट गमावतो. साहेबांचा ‘बिलो पार’ दलाल स्ट्रीटवरचा आहे, गोल्फचा नव्हे. साहेब गोल्फ खेळत असले तरी.

आता मराठी ‘पार’. फोनवर एक ज्ञानामृत फिरतंय: गावच्या पारावर सगळे एका पातळीवर बसत, म्हणून समानता म्हणजे पार, इंग्रजांनी तो शब्द इथूनच नेला. पुरावा काय, तर मुंबईचे दलाल टाउन हॉलसमोर वडाखाली जमत, तिथेच ‘ॲट पार’ जन्मला! दलाल वडाखाली जमत हे खरं, पण ती १८५०च्या दशकातली गोष्ट, त्यांची संघटना १८७५ ची. ‘पार’ तोवर इंग्रजी वह्यांत दोन शतकं मुरला होता. आणि गावच्या पारावर सगळे सारखे बसत, हे लिहिणाऱ्यानं गाव पाहिलंय का? पारावर कोणी बसायचं, कोणी खाली उभं राहायचं आणि कोणी तिकडे फिरकायचंही नाही, हे ठरलेलं असे. समानतेचा शब्द शोधायला जगात हीच जागा सापडली? ‘नदीपार’मधला संस्कृत ‘पार’ तर निराळ्याच कुळातला, ओलांडण्याच्या धातूचा. इंग्रजीत त्याचे भाऊबंद शोधायचे तर नावेची ‘फेरी’ आणि तिचं ‘फेअर’ म्हणजे भाडं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्यानं यावर विचार करावा. ‘पार वाट लागली’मधला पारही याच पैलतीराचा.

‘पार एक्सलन्स’ही यात ओढू नये. तिथला पार फ्रेंच, त्याच्या मागे लॅटिन ‘पेर’ म्हणजे द्वारा.

खऱ्या लॅटिन पारची संतती मात्र पाहण्यासारखी आहे. जोडी म्हणजे ‘पेअर’. तुलना म्हणजे ‘कम्पेअर’, दोघांना बरोबरीला आणून पाहणं. नरिमन पॉइंटचे बँकवाले कर्जाच्या कागदांवर ‘पारी पासू’ लिहितात, म्हणजे सम पावलांनी, तारणावर सगळ्यांचा सारखा हक्क. ‘पिअर’ म्हणजे बरोबरीचा, मग तो पालकसभेत गाजणारा पिअर प्रेशर असो की ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधला पिअर. हे लॉर्ड आपापसात बरोबरीचे, बाकीच्यांशी नव्हे. आणि ‘डिस्पॅरेज’! आज त्याचा अर्थ हिणवणं, कमी लेखणं. मूळ फ्रेंच अर्थ, खालच्या घरात लग्न लावून देणं. १२१५ च्या मॅग्ना कार्टात एक कलम चक्क असं आहे की वारसांची लग्नं लावताना डिस्पॅरेजमेंट होता कामा नये. स्वातंत्र्याची सनद म्हणून जिचे गोडवे गातात तिच्यात ‘अनुरूप स्थळच पाहिजे’ ही जाहिरात आधीच छापलेली. त्याच सनदेत पुढे स्वतंत्र माणसाचा निवाडा त्याच्या बरोबरीच्यांनी करावा, असंही आहे. एकाच पारचे हे दोन अवतार.

पण हे सगळं बाजूला ठेवा. मला सांगायचं आहे ते अंपायरबद्दल.

अंपायर हा पारचा मुलगा आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे ज्याला जोड नाही तो, विषम. दोघांचं भांडण, दोघांची दोन माणसं, मत फुटलं एकास एक, मग निकाल द्यायला आणलेला तिसरा तो नॉनपेर. चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत तो ‘नूम्पेर’ झाला. बोलताना ‘अ नूम्पेर’मधला न सरकून पुढच्या शब्दातून मागच्यात गेला आणि झाला ‘ॲन ऊम्पेर’. पुढे अंपायर. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ही असाच, मुळात ‘नेप्रन’, ‘नॅपकिन’चा सख्खा भाऊ. ‘ॲडर’ हा विषारी साप मूळचा ‘नॅडर’. ‘निकनेम’मध्ये उलटं झालं, तिथे ‘ॲन’चा न शब्दाला येऊन चिकटला.

इथे काही विद्वान हमखास ऑरेंज आणतात. ‘अ नॉरेंज’चं ‘ॲन ऑरेंज’ झालं म्हणे. साफ चूक. आपलं नारिंग फारसी-अरबीतून युरोपात गेलं, स्पॅनिशनं न शाबूत ठेवला, पण इंग्रजीच्या दारात येईपर्यंत तो फ्रेंच-इटालियनच्या वाटेवर गळून गेला होता. इंग्रजीत ‘नॉरेंज’ कधी नव्हतंच. हे इतक्यांदा छापून आलंय की दुरुस्त करायचा कंटाळा येतो, पण करायला हवं.

तर अंपायर म्हणजे एकी. एकतेची एकी नव्हे, एकी-बेकीतली. मुठीत चिंचोके लपवायचे, समोरच्यानं ‘एकी की बेकी’ सांगायचं, मूठ उघडून दोन दोन करून मोजायचं आणि शेवटी एक उरला तर एकी. रोमन पोरं हाच खेळ ‘पार-इंपार’ म्हणून खेळत, होरेस या कवीनं पोरखेळांच्या यादीत तो नोंदवलाय. म्हणजे पार ही बेकी आणि अंपायर हा जोड्या लावून झाल्यावर उरलेला चिंचोका.

आणि हे नुसतं कोशातलं नाही. आपल्या १९४० च्या लवाद कायद्यात लिहिलं होतं की लवादांची संख्या सम असेल तर त्यांनी महिन्याभरात अंपायर नेमावा. पांढरा कोट नसलेला, कायद्याचा अंपायर! १९९६ च्या नव्या कायद्यानं अंपायर काढला आणि सांगितलं, लवाद कितीही ठेवा, संख्या सम नको. शब्द गेला, व्युत्पत्ती कलमात शिल्लक राहिली. हायकोर्टात या विषयावर वर्षानुवर्षं युक्तिवाद करणाऱ्या एका वकील मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘बरं.’ असो.

क्रिकेटमध्ये मैदानावर अंपायर दोन, म्हणजे मूळ अर्थानं घोटाळाच. ती चूक १९९२ च्या नोव्हेंबरात सुधारली. दर्बनच्या कसोटीत धावबादचं अपील झालं, मैदानावरच्या सिरिल मिचली यांनी निर्णय टीव्हीसमोर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे पाठवला. तिसऱ्या अंपायरनं बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज ठरला सचिन तेंडुलकर, अकरा धावांवर. नूम्पेरला आपली मूळची तिसरी खुर्ची परत मिळाली आणि तिच्यासाठी बळी लागला तो शिवाजी पार्कात वाढलेल्या पोराचा. व्युत्पत्तीला असा योग क्वचित येतो.

आता शुद्धिवाद्यांशी जुना हिशोब. अंपायरला ‘पंच’ म्हणू नका, पंच म्हणजे पाच, एका माणसाला पाच कसं म्हणणार, ‘निर्णायक’ म्हणा, असा त्यांचा आग्रह. यांनी पोलिसांचा पंचनामा कधी वाचलेला दिसत नाही. ‘दोन पंचांसमक्ष’ असं त्यात बिनदिक्कत लिहितात आणि कोणाचं काही अडत नाही. पण माझा मुद्दा पुढचा आहे. पाच हीच संख्या का? चार का नाहीत, सहा का नाहीत? पाच विषम आहे! दोन-दोन फुटले तरी पाचवा उरतो. ‘पाचामुखी परमेश्वर’ असं आपण म्हणतो, चौघांमुखी परमेश्वर बोलत नाही, कारण चौघांत तो दोघांच्या तोंडून एक आणि दोघांच्या तोंडून दुसरं बोलण्याचा धोका असतो. यावर ‘चारचौघांत’ कुठे गेलं, असं कोणी विचारील. चारचौघांत आपण अब्रू सांभाळतो, निवाडा मागायला पंचांकडेच जातो. पंच शब्दाचं मूळ या विषमपणात आहे असं कोणत्या कोशानं म्हटलेलं नाही, हे माझं मत, आणि मी ते सोडणार नाही. फ्रेंचांनी एकीचं नाव ठेवलं नॉनपेर, आपण एकी आकड्यातच सांगितली. अंपायरला पंच हा अपघातानं सापडलेला, पण तंतोतंत प्रतिशब्द आहे. वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांनी तो टिकवला, त्याबद्दल त्यांचे इतर गुन्हे माफ.

मराठीत काय म्हणावं, ते राहिलंच. माणसांबद्दल असेल तर ‘तोडीचा’ किंवा ‘बरोबरीचा’. पगार, पद, पदवी असेल तर ‘समकक्ष’. शेअर आणि चेकसाठी ‘सममूल्य’ रूढ आहे, ते वापरा. सगळ्यांत झकास शब्द ‘तोलामोलाचा’: तोल म्हणजे वजन, मोल म्हणजे किंमत, दोन्हींत बरोबर, नाण्यांच्या हिशोबातला पार याहून नेमका कुठे मिळणार? साहेबांच्या शेऱ्यातल्या ‘बिलो पार’ला मात्र ‘अपेक्षेपेक्षा कमी’ पुरे, आणि कोणाच्या अपेक्षेपेक्षा ते त्यांना लेखी विचारावं.