‘तो पण डॉक्टरच होता ना?’

प्रश्न : माझा मुलगा सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नकला उत्तम करतो, गॅदरिंग गाजवतो. हल्ली पुढाऱ्यांवर विनोदी व्हिडिओ करून टाकतो, लोक बघतातही. आता म्हणतोय, मेडिकल सोडून मुंबईला जातो, मला टीव्हीवर राजकीय व्यंगाचा कार्यक्रम करायचाय. इजिप्तच्या बासेम युसेफचं उदाहरण देतो. ‘तो पण डॉक्टरच होता ना?’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. याचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. कुणाल कामराच्या विनोदावरून मुंबईत खारच्या स्टुडिओत झालेली तोडफोड बातम्यांत पाहिल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. यात काही करिअर असतं का, की नुसतेच वाद? त्याला अडवायचं कसं?
– एक आई, सांगली जिल्हा

ताई, स. न. वि. वि.

अडवू नका, एवढं आधी सांगते. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला अडवलं की तो वॉर्डात जाणं बंद करतो आणि सप्ली (पुरवणी परीक्षा) घेऊन बसतो; मेडिकलच्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते बहुतेक याच तक्रारीनं. पण चिरंजीवांनी दाखला सोयीपुरता दिलाय, तो पुरा करायला हवा.

बासेम युसेफ डॉक्टर होता, खरंच. कैरो विद्यापीठातून शिकलेला, हृदयावरच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन. २०११च्या सुरुवातीला तहरीर चौकात आंदोलन पेटलं तेव्हा तो तिथल्या जखमींची मलमपट्टी करत होता, आणि सरकारी टीव्ही मात्र भलतीच कहाणी सांगत होता. त्या संतापातून त्यानं घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत एक कॅमेरा मांडला आणि मार्चपासून यूट्यूबवर पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ टाकायला लागला. पहिल्या तीन महिन्यांत ते ५० लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले. तेव्हा त्याचं वय होतं ३७. पदवी, सर्जरीचं प्रशिक्षण, हाताखालून गेलेले रुग्ण, सगळं गाठीला होतं. अमेरिकेत क्लीव्हलंडला नोकरीवर जायची तयारी चालू होती. तुमचा मुलगा जे करू पाहतोय ते त्यानं केलेलंच नाही. त्यानं मेडिकल अर्धवट सोडलं नाही. पुरं केलं, वापरलं आणि मग बाजूला ठेवलं.

आता वादांकडे येऊ, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. २०१२च्या नोव्हेंबरात ‘अल-बर्नामेग’ हा त्याचा कार्यक्रम सीबीसी या खासगी वाहिनीवर आला. पहिल्याच भागात त्यानं वाहिनीच्याच निवेदकांची टिंगल केली, आणि दुसरा भाग वाहिनीनं दाखवला नाही. म्हणजे पहिली ठिणगी सरकारशी नाही, पगार देणाऱ्याशी उडाली! हे मुलाला ठळक करून सांगा.

मग राष्ट्राध्यक्ष मोर्सी. पाकिस्तानात मानद पदवी घेताना मोर्सींनी घातलेल्या टोपीची नक्कल म्हणून बासेमनं कार्यक्रमात अगडबंब टोपी चढवली. ३० मार्च २०१३ रोजी अटकेचं वॉरंट निघालं. आरोप राष्ट्राध्यक्षांचा आणि इस्लामचा अपमान केल्याचे. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या तीच टोपी डोक्यावर घालून सरकारी वकिलांच्या कचेरीत हजर झाला. काही तास चौकशी झाली आणि १५,००० इजिप्शियन पौंडांच्या जामिनावर सुटका. तुमच्या मुलानं हा प्रसंग नक्की पाहिला असणार, आणि बहुधा याच प्रसंगावर तो भाळला असणार. मीही भाळले होते.

त्याच्या पुढचा भाग कमी चमचमीत आहे, म्हणून कुणी सांगत नाही. जुलै २०१३ मध्ये लष्करानं मोर्सींना हटवलं. मोर्सींच्या थट्टेवर पोट धरून हसणारी जनता आता लष्करप्रमुख जनरल सिसींच्या प्रेमात होती. बाजारात त्यांच्या तोंडाची चॉकलेटं विकली जात होती. ऑक्टोबर अखेरीस परतल्यावर बासेमनं त्या भक्तीची खिल्ली उडवली, आणि पुढच्याच आठवड्यात, १ नोव्हेंबरला, सीबीसीनं कार्यक्रम थांबवला. फेब्रुवारी २०१४ पासून एमबीसी मिस्र या दुसऱ्या वाहिनीवर तो सुरू झाला, जूनमध्ये त्यानं स्वतःच तो बंद केल्याचं जाहीर केलं. सीबीसीबरोबरचा करार मोडल्याच्या वादात लवादाचा निकाल त्याच्याविरुद्ध गेला, दंड कोटींच्या घरातला. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यानं देश सोडला. पुढे अमेरिकेत चाळिशी उलटल्यावर परक्या भाषेत, इंग्रजीत, स्टँडअप करायला तो नव्यानं शिकला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश निवेदक पिअर्स मॉर्गनच्या कार्यक्रमात गाझावर बोलला आणि जगभर पुन्हा गाजला, त्यावरूनही दोन तट पडले. पण मधली वर्षं कशी गेली असतील, याचा विचार मुलाला करू द्या.

आणखी एक वाद त्याच्या चाहत्यांना आठवत नाही. २०१४च्या मार्चमध्ये त्यानं ‘अल-शोरूक’ दैनिकात रशिया आणि क्रिमियावर लेख लिहिला, तो अमेरिकेतल्या ‘पॉलिटिको’मधल्या लेखावरून उचललेला निघाला. त्याला जाहीर माफी मागावी लागली. अटक वॉरंटानं त्याची उंची वाढली, या एका लेखानं ती कमी झाली. माझ्या मते तुमच्या मुलानं टोपीपेक्षा या प्रकरणाचा अभ्यास जास्त करावा. सत्ताधारी कधी चिडतील ते आपल्या हातात नसतं, लेखातला उतारा आपल्याच हातचा असतो. रोज दुसऱ्याचं खोटं पकडणाऱ्या माणसाचं स्वतःचं एक सापडलं, तरी विरोधकांना जन्मभर पुरतं.

आता ‘करिअर असतं का?’ असतं. पण ते कुठे टिकतं, हे पैसे कुठून येतात त्यावर ठरतं. अमेरिकेत बिल मार एबीसीवर ‘पॉलिटिकली इनकरेक्ट’ करायचा. १७ सप्टेंबर २००१ला, ११ सप्टेंबरच्या न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवरच्या हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता, तो म्हणाला की विमानं आदळवणाऱ्यांना काहीही म्हणा, भित्रे म्हणता येणार नाही. दोन हजार मैलांवरून क्षेपणास्त्रं सोडणारे आपणच भित्रे. फेडेक्स आणि सीअर्सनं जाहिराती काढल्या, पुढच्या वर्षी कार्यक्रम गेला. तोच मार २००३ मध्ये एचबीओवर आला. तिथे पैसा जाहिरातदारांचा नाही, वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकांचा. २०१७ मध्ये त्यानं वर्णद्वेषी शब्द वापरला, माफी मागितली, कार्यक्रम चालू राहिला. जर्मनीत यान ब्योमरमाननं मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या एर्दोआनवर शिवराळ कविता वाचली. परदेशी राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाचा कैसरच्या काळातला कायदा त्याच्यावर लागू करायला खुद्द मर्केल सरकारनं परवानगी दिली. ऑक्टोबरात फौजदारी चौकशी गुंडाळली गेली, २०१८ पासून तो कायदाच रद्द झाला. झेडडीएफ या त्याच्या वाहिनीनं कविता संकेतस्थळावरून काढली, पण माणूस काढला नाही. ती वाहिनी घरोघरच्या शुल्कावर चालते. हॅम्बुर्गच्या दिवाणी कोर्टानं मात्र त्या कवितेचा बराचसा भाग म्हणायला त्याला बंदी केली, हेही खरं.

आपल्याकडे त्याला मुंबईत अशी कुठली वाहिनी मिळणार? मला तरी दिसत नाही. मराठी वाहिन्यांवर पुढाऱ्यांच्या नकला चालतात, पण त्या चिमटे काढण्यापुरत्या. जाहिरातदार आणि मालक दोघांना सांभाळून. म्हणजे त्याची जागा सध्या तो आहे तिथेच, स्वतःच्या चॅनेलवर आहे. आणि त्यासाठी मुंबईत खोली भाड्यानं घ्यायची गरज नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एमबीबीएस आणि वर्षाची इंटर्नशिप पुरी करावी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी हातात घ्यावी, सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष असेल तर तेही उरकावं. सध्याच्या नियमानुसार प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस संपवावं लागतं. एकदा नाव काढलं की परत यायला पुन्हा नीट. ‘जरा करून बघतो आणि परत येतो’ हे मेडिकलमध्ये जमत नाही. तोवर पंधरवड्याला एक व्हिडिओ, परीक्षेच्या महिन्यात एकही नाही. बाँडच्या वर्षात प्राथमिक आरोग्य केंद्रावर औषधांचा साठा, रिक्त पदं आणि उद्घाटनाची कोनशिला हे तिन्ही एकाच आवारात पाहायला मिळेल. मुंबईत बसून असा मजकूर सुचत नाही. मात्र रुग्णाचं नाव, चेहरा, केसपेपर यातलं काही कधीच व्हिडिओत येता कामा नये. आणि सरकारी सेवेत असताना काय बोलता येतं, याचे नियम रुजू होण्याआधी वाचावेत.

व्हिडिओतल्या प्रत्येक दाव्यामागे कागद हवा : बातमीचं कात्रण, विधिमंडळातलं उत्तर, माहिती अधिकारातली प्रत, काहीही. त्याची फाइल ठेवावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंतची. एखाद्या ओळखीच्या वकिलांकडे दोन संध्याकाळी बसून बदनामी कशाला म्हणतात आणि धार्मिक भावना दुखावल्याचं कलम कधी लागतं, हे समजून घ्यावं. पुढे कुठल्या वाहिनीशी किंवा कंपनीशी करार झालाच, तर करार मोडल्यास भरपाई किती आणि वाद कुठल्या लवादापुढे, ही दोन कलमं सहीआधी वकिलाला दाखवावीत. बासेमला वॉरंटापेक्षा करारच महागात पडला.

राहता राहिले याचे बाबा. शिक्षकाच्या घरात बदलीची भीती असते, आणि दबाव आणणारे थेट पोराकडे न जाता बापाच्या साहेबांना फोन लावतात, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार. ती भीती त्यांनी तुमच्यामार्फत माझ्यापर्यंत पोचवली, मुलापर्यंत पोचवली आहे का? तालुक्यातल्या माणसांवरचे व्हिडिओ आत्ता करायचे की नाही, हे त्या दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं. तुम्ही मध्ये पडू नका.

आणि त्याच्या दोन-तीन संहिता मला पाठवायला सांगा. व्हिडिओ नकोत, लिहिलेलं हवं आहे.