मराठवाड्यातून किती खासदार आणि आमदार निवडून जातात?
मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून लोकसभेवर ८ खासदार आणि विधानसभेवर ४६ आमदार निवडून जातात. संपूर्ण महाराष्ट्रासाठी हे आकडे अनुक्रमे ४८ आणि २८८ आहेत. मात्र जिल्हा म्हणजेच लोकसभा मतदारसंघ, असे समजणाऱ्याची इथे हमखास फसगत होते, कारण पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असूनही तेथील मतदार जालन्याचा खासदार निवडतो, तर जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी परभणीला जोडलेले आहेत. विदर्भातील उमरखेड हिंगोलीत, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी धाराशिवच्या मतदारसंघात (निवडणुकीच्या कागदपत्रांत ‘उस्मानाबाद’) मोडते. याखेरीज विभागातील पदवीधर आणि शिक्षक विधान परिषदेवर प्रत्येकी एक आमदार पाठवतात.